‘नो सिग्नल’पासून अर्धवट रेकॉर्डिंगपर्यंत: टीव्हीचे घोळ घरच्या घरी सोडवताना

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही टीव्हीवर निळा पडदा आला की बेल आमच्या दाराची वाजते. मी इंजिनिअर वगैरे नाही. बँकेत नोकरी केली आणि निवृत्त झाले. रेकॉर्डिंगवाला सेटटॉप बॉक्स मजल्यावर सगळ्यांत आधी आमच्याकडे आला, एवढीच माझी पात्रता. पण हातात टॉर्च घेऊन दहा-बारा घरांतल्या टीव्हींच्या मागे डोकावल्यावर लक्षात आलं की खुद्द टीव्ही क्वचितच बिघडलेला असतो. त्याला जोडलेल्या चार डब्यांमध्ये कुठेतरी बोलणं तुटलेलं असतं आणि नाव मात्र टीव्हीचं खराब होतं. नवीन टीव्ही घेतलेल्यांसाठी, किंवा आई-वडिलांच्या घरी फोनवरून ‘आता कुठलं बटण दाबू?’ ऐकावं लागणाऱ्यांसाठी, हे लिहितेय.

पहिली पायरी: काहीही दाबू नका

गंमत नाही. चित्र गेलं की घरातला प्रत्येक जण रिमोट घेऊन एकेक बटण दाबून बघतो आणि मूळ बिघाडावर आणखी तीन बिघाड चढतात. त्यापेक्षा आधी एक कागद घ्या आणि चित्र कुठून कुठे येतं ते लिहा. आमच्याकडचं असं आहे: गच्चीवरची छत्री, छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबी (सिग्नल पकडून खाली पाठवणारा छोटा डबा), तिथून खाली आलेली केबल, सेटटॉप बॉक्स, एचडीएमआय वायर, टीव्ही, आणि टीव्हीतून साउंडबार. तुमच्याकडे छत्रीच्या जागी केबलवाल्याची वायर असेल. पुण्यात २०१३ पासून केबललाही डिजिटल बॉक्स लागतोच, त्यामुळे पुढची साखळी तीच.

आता या साखळीचे दोन तुकडे करायचे. हीच खरी युक्ती आहे, बाकीचा लेख विसरलात तरी चालेल. टीव्हीच्या रिमोटवरचं सेटिंग्जचं बटण दाबा. टीव्हीचा स्वतःचा मेनू स्वच्छ दिसतोय? मग पडदा ठणठणीत आहे. आता सेटटॉप बॉक्सच्या रिमोटवरून बॉक्सचा मेनू उघडा. तोही नीट दिसतोय, पण चॅनेल लागत नाही? मग बॉक्सपासून टीव्हीपर्यंत सगळं बरोबर आहे. घोळ बॉक्सच्या मागे, म्हणजे केबल, छत्री किंवा संपलेल्या रिचार्जमध्ये आहे. बॉक्सचा मेनूच दिसत नाही? मग बॉक्स, एचडीएमआय वायर किंवा टीव्हीचा सोर्स यांपैकी एक. दोन बटणांत अर्धी साखळी बाद होते.

दुसरी पायरी: सोर्स, पिन, वीज

टीव्हीच्या मागे एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतात आणि त्यांवर १, २, ३ असे आकडे असतात. वायर २ मध्ये आणि टीव्हीवर सोर्स १ निवडलेला, की ‘नो सिग्नल’. समोरच्या फ्लॅटमधल्या आजींकडे गेल्या गणपतीत हेच झालं होतं. साफसफाई करताना कामाच्या बाईंनी वायर काढून पुसली, आणि मोकळं दिसलं त्या भोकात परत खोचली. आजींनी दोन दिवस टीव्हीशिवाय काढले आणि तिसऱ्या दिवशी मुलाला नवीन टीव्हीचं बजेट विचारलं. सोर्स बदलायला मला चार सेकंद लागली, चहा प्यायला वीस मिनिटं.

सोर्स बरोबर असेल तर वायर दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवा. टीव्ही भिंतीला अगदी चिकटवून लावलेला असेल तर वायर मागे दुमडली जाते आणि तिच्या वजनाने पिन हळूहळू बाहेर सरकते. पडद्यावर पांढरे ठिपके चमकत असतील किंवा चित्र येत-जात असेल, तर पहिला संशय याच वायरवर घ्या. दुसऱ्या डब्याची चालू वायर लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर आणि पोर्ट दोन्ही एकदम बदललंत तर दोष कशात होता ते कळणार नाही. वायर बदलायचीच असेल तर पुण्यात बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली आहेच. गरजेपेक्षा लांब वायर घेऊ नका. दीड मीटरमध्ये काम होत असताना पाच मीटरची घेतली की तिची वेटोळी टीव्हीमागे कोंबावी लागतात आणि पुन्हा पिन सरकते.

मग वीज. रिमोटने बंद केलेला बॉक्स बंद नसतो, झोपलेला असतो. भिंतीवरचं बटण बंद करा, एक मिनिट पूर्ण थांबा आणि मग आधी टीव्ही, नंतर साउंडबार, शेवटी बॉक्स अशा क्रमाने चालू करा. एचडीएमआयने जोडलेली यंत्रं सुरू होताना एकमेकांची ओळख पटवून घेतात. ती ओळख मध्येच अडकली असेल तर या क्रमाने बरेचदा सुटते. ‘फॅक्टरी रिसेट’ हा मात्र शेवटचा उपाय. वायफायचा पासवर्ड, अ‍ॅप्सचे लॉगिन, चॅनेलची यादी, सगळं जातं, आणि आजोबांना त्यांचा ओटीटीचा पासवर्ड आठवत नसतो.

आवाज नाही, किंवा टीव्ही भूत लागल्यासारखा वागतो

चित्र आहे, आवाज नाही, आणि घरात साउंडबार आहे: टीव्हीच्या मागे नीट वाचा. एचडीएमआयच्या एकाच भोकाजवळ ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेलं असतं. टीव्हीतून आवाज बाहेर पाठवायची सोय फक्त त्या भोकात असते. साउंडबारची वायर शेजारच्या भोकात असेल तर सगळं जोडलेलं दिसतं आणि साउंडबार मुका राहतो. ते बरोबर असेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी’च्या जागी ‘पीसीएम’ करून बघा. साउंडबारला न समजणाऱ्या भाषेत आवाज जात असेल तर पीसीएमवर तो बोलू लागतो. ऑप्टिकल वायर वापरत असाल तर टोकावरची इवलीशी प्लास्टिकची टोपी काढलीय ना बघा. हसू नका. ती पारदर्शक असते, मीही तशीच खोचायला निघाले होते. वायर बरोबर असेल तर मोकळ्या टोकातून लाल उजेड दिसतो.

टीव्ही आपोआप चालू होतो, मालिका बघताना अचानक दुसऱ्याच डब्याचा सोर्स लागतो, बॉक्स बंद केला की टीव्हीही बंद होतो, ही सगळी ‘सीईसी’ नावाच्या सोयीची करामत. एका रिमोटने सगळे डबे चालावेत म्हणून ती दिलेली असते. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव ठेवलंय: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, एलजीमध्ये सिम्पलिंक. म्हणून मेनूमध्ये ‘सीईसी’ शोधून सापडत नाही. त्रास होत असेल तर ती बंद करून टाका. फक्त लक्षात ठेवा, काही टीव्हींमध्ये ती बंद केली की एआरसीवरचा आवाजही जातो.

रिमोट चालत नसेल तर सेल बदलण्याआधी मोबाइलचा सेल्फी कॅमेरा उघडा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटला ही परीक्षा लागू नाही. तो टीव्हीशी पुन्हा जोडावा लागतो.

वायफाय आणि मोबाइलवरून टीव्हीवर

मोबाइलमधला व्हिडिओ टीव्हीवर टाकता येत नसेल तर दहापैकी नऊ वेळा मोबाइल एका नेटवर्कवर आणि टीव्ही दुसऱ्यावर असतो. राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क असेल आणि टीव्ही त्यावर असेल तर दोघे एकमेकांना दिसतच नाहीत. वायफाय तुटत असेल तर भिंती मोजा. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान खरा, पण जाड भिंतीपुढे लगेच दमतो. माझ्या माहेरच्या वाड्यात दोन खोल्यांच्या मध्ये हातभर जाडीची भिंत आहे. तिथे टीव्ही २.४ गिगाहर्ट्झवर टाकला तेव्हा कुठे व्हिडिओ गोल फिरायचा थांबला.

आणखी एक, कुणाच्या डोक्यात न येणारं कारण: टीव्हीची तारीख. लाईट जाऊन आल्यावर काही टीव्हींचं घड्याळ मागच्या एखाद्या सालावर जातं. तारीख चुकली की अ‍ॅप्सना सर्व्हरची सुरक्षेची प्रमाणपत्रं खोटी वाटतात आणि ती उघडतच नाहीत. इंटरनेट तर चालू दिसतं! सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा.

पाऊस आणि छत्री

जूनच्या पहिल्या जोरदार सरीत डीटीएच गेलं तर कुणालाही फोन करू नका, पाऊस ओसरेपर्यंत भजी तळा. उपग्रहाकडून येणाऱ्या या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि दाट पाऊस त्या शोषून घेतो. पाऊस थांबल्यावरही सिग्नल आला नाही तर मात्र छत्री हलली आहे, किंवा केबलच्या जोडात पाणी शिरलंय. बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन पट्टे असतात, ताकद आणि दर्जा. ताकद भरपूर आणि दर्जा शून्य, तर छत्रीची दिशा चुकली असण्याची शक्यता जास्त. दोन्ही शून्य, तर केबल किंवा एलएनबी.

पूर्वी गच्चीवरचे अँटेना दूरदर्शनच्या सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे, म्हणजे नैर्ऋत्येला, तोंड करून असायचे. आताच्या छत्र्या बघतात दक्षिण आणि पूर्वेच्या मधल्या आकाशात. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, तो पुण्यातून जवळजवळ थेट आग्नेयेला येतो. म्हणून त्या बाजूचं झाड वाढलं किंवा तिकडे नवी इमारत उभी राहिली, तर छत्री जागच्या जागी असूनही सिग्नल जातो. आमच्याकडे गुलमोहर आड आला होता. गच्चीच्या कठड्यावर चढून छत्री फिरवायचा उद्योग स्वतः करू नका.

आता रेकॉर्डिंग

सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहेत. टीव्हीच्या खोक्यावर ‘यूएसबी रेकॉर्डिंग’ लिहिलेलं असतं, लोक हार्ड डिस्क आणतात, टीव्हीला लावतात, आणि सेटटॉप बॉक्सवरची मालिका रेकॉर्ड होत नाही म्हणून टीव्हीला शिव्या देतात. टीव्ही रेकॉर्ड करतो ते स्वतःच्या अँटेनाच्या भोकातून आलेलं. एचडीएमआयमधून आलेलं चित्र कॉपी-संरक्षित असतं आणि टीव्ही ते साठवत नाही. तेव्हा डीटीएच किंवा केबलचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर डिस्क बॉक्सला लावायची, आणि तो बॉक्स रेकॉर्डिंगची सोय असलेला हवा. काही बॉक्सना यूएसबीचं भोक नुसतंच असतं, ते फोटो बघण्यापुरतं. कंपनीला आधी विचारा, मग डिस्क घ्या.

रेकॉर्डिंग सुरूच होत नाही, किंवा डिस्क दिसते-नाहीशी होते: डिस्क कानाला लावा. टिक-टिक आवाज येऊन ती थांबत असेल तर बहुधा तिला वीज पुरत नाहीये. यूएसबी २ च्या भोकातून नियमाने ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००, आणि फिरणारी डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागते. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेली डिस्क घ्या, किंवा अ‍ॅडॉप्टरवाला यूएसबी हब मध्ये लावा. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. सलग लिहिताना स्वस्तातले पेन ड्राइव्ह तापतात आणि मध्येच अडखळतात.

रेकॉर्डिंग दर वेळी साधारण सव्वा तासाच्या आत तुटतं: हा माझा आवडता बिघाड, कारण उत्तर गणितात आहे. चांगल्या एचडी चॅनेलचा वेग सेकंदाला ८ मेगाबिट धरला तर सेकंदाला १ मेगाबाइट, म्हणजे तासाला ३.६ जीबी. आणि डिस्क ‘फॅट ३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर तिच्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. १ तास ११ मिनिटं, आणि संपलं. काही यंत्रं अशा वेळी फाइलचे तुकडे करून पुढे चालू ठेवतात, काही गप्प बसतात. उपाय असा की फॉरमॅट कॉम्प्युटरवर न करता बॉक्सच्या किंवा टीव्हीच्या मेनूमधूनच करायचा. त्याला हवी ती पद्धत तो स्वतः निवडतो.

एक रेकॉर्ड होत असताना दुसरं बघता येत नाही: बॉक्समध्ये ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारे भाग, किती ते बघा. एकच असेल तर जे रेकॉर्ड होतंय तेच बघावं लागणार, वाद घालून उपयोग नाही. दोन असतील तर बॉक्सच्या मागे बहुतेक वेळा छत्रीकडून आलेल्या दोन केबली हव्यात. घर बदलताना फिटिंगवाल्याने एकच ओढलेली असते आणि दुसरं भोक रिकामं राहतं.

शेवट कापला जातो: रविवारचा महाएपिसोड! रोजच्या अर्ध्या तासाचं ‘सीरिज रेकॉर्डिंग’ लावून ठेवलेलं असतं आणि चॅनेल रविवारी दोन तासांचा भाग दाखवतं. गाइडमध्ये, म्हणजे बॉक्सवरच्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकात, वेळ उशिरा बदलली, किंवा तो भाग वेगळ्या नावाने आला, तर बॉक्सला पत्ताच नसतो. क्रिकेटची मॅच लांबली तरी तेच. सेटिंग्जमध्ये आधी ५ आणि नंतर १५ मिनिटं जास्तीची लावा, आणि महाएपिसोड हाताने वेगळा लावा.

गुरुवारी रेकॉर्डिंग होत नाही: पुण्यात नवीन असाल तर सांगते, गुरुवार हा देखभालीचा वार. कधी पाणी नाही, कधी लाईट नाही. लाईट परत आल्यावर काही बॉक्स नुसते लाल दिवा लावून बसतात आणि लावलेलं रेकॉर्डिंग विसरतात. बॉक्स आणि डिस्क दोन्ही इन्व्हर्टरवरच्या सॉकेटवर घ्या. फक्त बॉक्स घेतलात आणि डिस्कचा अ‍ॅडॉप्टर साध्या बोर्डवर राहिला, तर बॉक्स चालू आणि लिहायला पाटी नाही अशी गत होते. लिहिणं चालू असताना वीज गेली की डिस्कवरची आधीची रेकॉर्डिंग्जही कधी कधी खराब होतात.

आणि आता माझी चूक. माझी पुतणी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण एका चॅनेलवर चालू होतं, मी ते रेकॉर्डिंगला लावलं होतं, आणि अकरा सेकंद ती स्पष्ट दिसली. घामाने चिकटलेले केस, डोक्यावरचा फेटा कानावर घसरलेला, आणि काड्या दिसतच नव्हत्या इतक्या वेगात. ती क्लिप तिला द्यावी म्हणून मी बॉक्सची डिस्क काढून लॅपटॉपला लावली. लॅपटॉप म्हणाला, ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? मी ‘हो’ म्हटलं.

बॉक्सची डिस्क लॅपटॉपला वाचता येणारच नसते. बॉक्स रेकॉर्डिंग कुलूपबंद करून ठेवतो आणि किल्ली त्याच बॉक्समध्ये असते. तुमचाच दुसरा बॉक्स असला, तोही त्याच कंपनीचा, तरी साधारणपणे ते उघडत नाही. बॉक्स बदलला की जुनी रेकॉर्डिंग्ज गेली. बऱ्याच सेवांमध्ये रिचार्ज संपलं असेल किंवा ते चॅनेल पॅकमधून काढलं असेल तरीही जुनं रेकॉर्डिंग चालत नाही. ते खराब झालं समजून पुसू नका, आधी रिचार्ज तपासा. आणि फॉरमॅटचा प्रश्न लॅपटॉपने विचारला की ‘नाही’ म्हणा, डिस्क निमूट काढून घ्या.

जागेचा हिशोबही करून ठेवा. विसर्जन मिरवणूक २४ तासांच्या वर चालते. वरच्याच हिशोबाने २४ तासांना ८६ जीबी. ५०० जीबीची डिस्क पुरेशी वाटते, पण घरात तीन मालिका रोज साठत असतात आणि डिस्क भरली की काही बॉक्स सर्वांत जुनं रेकॉर्डिंग न विचारता पुसतात. ठेवायचं असेल त्याच्यावर ‘लॉक’ किंवा ‘कीप’ लावा.

माणूस बोलवायची वेळ आली तर

बॉक्सवरचा ग्राहक क्रमांक, पडद्यावरचा एरर क्रमांक (त्याचा फोटोच काढा), आणि तुम्ही काय काय बदलून बघितलं ते, एवढं हाताशी ठेवून फोन करा. ‘बॉक्सचा मेनू दिसतो, सिग्नलचा दर्जा शून्य आहे’ असं सांगितलंत की पलीकडचा माणूस बंद-चालू करायला लावत नाही, थेट गच्चीवर जाणारा माणूस पाठवतो. येणाऱ्याला घरात शिरण्याआधी व्हिजिटचे पैसे विचारा आणि पावती घ्या. एका तंत्रज्ञाने आमच्याकडे ढिली पिन घट्ट करून ‘एलएनबी गेला’ म्हणून बिल लावायचा प्रयत्न केला होता. जुना एलएनबी दाखवा म्हटल्यावर त्याला दुसऱ्या कॉलला जायची घाई झाली. तक्रार कंपनीकडे सुटलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

यंदा अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री मी दहा मिनिटांचं चाचणी रेकॉर्डिंग केलं, चालवून पाहिलं, पुसलं. डिस्कवर ११० जीबी मोकळे केले. बॉक्स आणि डिस्क दोन्ही इन्व्हर्टरवर. आणि पुतणीला सांगितलं, फेटा घट्ट बांध.